मोटारीचा रंग : पैसा जातो कोठें?

दसरा जवळ आला कीं अमरावती व अकोला या दोन्ही शहरांतील डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांपुढें गाड्यांची रांग लागते. सीमोल्लंघनाच्या दिवशीं दारांतल्या वाहनाला झेंडूची माळ घालावयाची, तर तें वाहन उजळलेलें असावें, ही इच्छा स्वाभाविकच होय. आठदहा वर्षें उन्हांत उभी राहिलेली मोटार. तिचें छत पांढुरकें पडलेलें, दाराच्या खालच्या कडेला गंजाचा तांबूस डाग, बंपरवर ओरखडे. घरांतील मंडळी म्हणतात, "एकदां सगळीलाच रंग देऊन टाका." मग दोनतीन ठिकाणीं चौकशी होते. एक कारागीर जो आंकडा सांगतो, त्याच्या निम्म्यांत दुसरा काम करून द्यावयास तयार असतो, आणि तिसरा त्याहूनहि थोड्यांत. तिघेहि एकाच कंपनीच्या रंगाचा डबा दाखवितात. डबा एक आणि भाव तीन, हें कसें? निम्म्या पैशांत काम करून घेणारा गृहस्थ शहाणा ठरतो, कीं फसतो?

या प्रश्नाचें उत्तर विम्याच्या कागदांत सांपडतें. भारतांतील मोटार-विम्याच्या सर्वसाधारण पॅकेज पॉलिसींत, अपघातानंतर द्याव्या लागलेल्या रंगावर घसारा कसा धरावा, याचा एक नियम आहे. बिलांत सामान व मजुरी वेगवेगळी दाखविलेली नसेल, तर एकूण रकमेपैकीं शेंकडा २५ हा सामानाचा भाग मानावा व तेवढ्यावरच शेंकडा ५० घसारा धरावा, असा तो नियम. समजा, रंगकामाचें बिल २०,००० रुपयांचें झालें. त्यांतील ५,००० रुपये रंग, थिनर, पुट्टी इत्यादि सामानाचे मानले जातात. त्यावर २,५०० रुपये घसारा कापला जातो. आणि मालकानें सोसावयाची ठराविक रक्कम वजा जातां बाकीचे पैसे कंपनी देते. या नियमामागील गृहीत ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. रंगकामाच्या एका रुपयांत चार आणे सामानाचे व बारा आणे कामाचे, असा तो हिशेब आहे.

तेव्हां भाव निम्म्यावर येतो तो कशामुळें? डब्यांतला रंग थोडा हलका वापरला, थिनर अधिक घातलें, तरी तेवढ्यानें रुपयांतले आठ आणे वाचणार नाहींत, कारण सगळें सामानच चार आण्यांचें. उरलेली कपात हातांच्या वेळेंतूनच व्हावयास हवी. आणि हातांचा वेळ मुख्यतः रंग मारण्यांत जात नाहीं. सबंध गाडीवर फवारा मारणें हें कांहीं तासांचें काम. दिवस जातात ते त्यापूर्वीच्या तयारींत. म्हणजे स्वस्त कामांत जें वगळलें जातें तें नेमकें रंगाखालीं झांकलें जाणारें काम असतें. गाडी ताब्यांत घेण्याच्या दिवशीं तें कोणालाहि दिसत नाहीं. तें दिसूं लागतें एक उन्हाळा व एक पावसाळा गेल्यावर.

हें नीट समजण्यासाठीं मूळ रंग कसा असतो तें पाहावें. कारखान्यांत उघड्या पत्र्यावर प्रथम फॉस्फेटची प्रक्रिया होते. नंतर गाडीचा सबंध सांगाडा हौदांत बुडवून विजेच्या साहाय्यानें गंजरोधक लेप बसवितात. हा लेप सांध्यांत, दारांच्या पोकळींत, जेथें कोणाचा हात पोंचत नाहीं तेथेंहि पोंचतो. त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा पातळ थर, आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. या सर्वांची जाडी मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा आठवा-दहावा हिस्सा. त्यांतहि प्रत्यक्ष रंगाचा वाटा लहान. उन्हाशीं झुंजतो तो वरचा पारदर्शक थर. पहिला लेप सुमारें १६० ते १८० अंश सेल्सियस उष्णतेच्या भट्टींत भाजून पक्का करतात. रबर, प्लॅस्टिक, तारा व गाद्या बसविलेली तयार गाडी अशा भट्टींत घालतां येत नाहीं. चांगल्या सोयीच्या गॅरेजांतील बंदिस्त खोलींत फार तर ६० अंशांच्या आसपास उष्णता देतां येते. म्हणून मूळचा गंजरोधक लेप एकदां खरवडून निघाला कीं तो जसाच्या तसा परत मिळत नाहीं. यांतून पहिला धडा मिळतो तो असा, कीं जेथें मूळ रंग धड आहे तेथें त्याला हात लावूं नये.

आतां गॅरेजांतील काम पाहूं जातां, चांगला कारागीर पहिल्या दिवशीं रंगाचा डबा उघडीतच नाहीं. तो दिवे, दारांच्या मुठी, रबरी पट्ट्या व नंबरपाट्या काढून ठेवतो. पोचे आलेला पत्रा ठोकून शक्य तितका मूळ आकाराला आणतो. गंज दिसेल तेथें चकचकीत पत्रा लागेपर्यंत खरवडतो, कारण गंजावर दिलेला कोणताहि थर खालून पोखरला जातो. तेल, मेण व हातांचा चिकटपणा पुसून काढतो. उघड्या पत्र्याला प्रायमर देतो. उरलेला बारीक खळगा पुट्टीनें भरतो; परंतु पुट्टी दोनतीन मिलिमीटरांहून जाड होऊं देत नाहीं. ती कोरडीच घांसून सपाट करतो. तिच्यावर सरफेसर देऊन, तो वाळल्यावर ४०० पासून ८०० नंबरपर्यंतच्या पाणकागदानें घांसतो. कांचा व दिव्यांच्या जागा कागद-पट्टीनें झांकतो. यानंतर रंग, त्यानंतर क्लिअर कोट, आणि शेवटीं आणखी बारीक कागद व पॉलिश. प्रत्येक पायरीनंतर वाळण्यासाठीं थांबावें लागतें, आणि तेवढा वेळ गाडी जागा अडवून असते.

स्वस्त कामांत यांतील प्रत्येक पायरी थोडथोडी झिजते. दिवे न काढतां त्यांच्या भोंवतीं वर्तमानपत्र चिकटवितात. म्हणून कडेला रंगाची उंच रेघ राहते व सहा महिन्यांनीं तेथूनच पापुद्रा सुटतो. पत्रा ठोकण्याऐवजीं पोचा पुट्टीनेंच भरून काढतात. रस्त्यावरच्या हिसक्यांनीं ती जाड पुट्टी तडकते. गंज खरवडण्याऐवजीं त्यावर प्रायमरचा हात फिरवितात. जुना गुळगुळीत थर न घांसतां त्यावरच नवा मारतात, आणि नव्याला धरून राहावयास खालीं आधार नसतो.

अमरावती व अकोला यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्यें एका पट्ट्याचा ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालण्यांत आला व त्याची नोंद गिनीज बुकांत झाली. वाचकांपैकीं अनेकांनीं त्या रस्त्यानें प्रवास केला असेल. वरचा थर इतक्या वेगानें घालतां येतो, तो खालचा पाया आधीं तयार असतो म्हणून. मोटारीच्या पत्र्याचा न्याय यापेक्षां वेगळा नाहीं.

वऱ्हाडांत हा न्याय अधिकच कठोर होतो, कारण येथें रंगाची परीक्षा घेणारे तिघे आहेत : ऊन, पाणी आणि धूळ. मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि उन्हांत उभ्या असलेल्या मोटारीचा पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापतो. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण क्लिअर कोटमधील राळ तोडतात. चांगल्या क्लिअर कोटांत हे किरण शोषून घेणारीं द्रव्यें घातलेलीं असतात; परंतु थरच पातळ असेल तर तीं द्रव्यें पुरणार किती? प्रथम चकाकी जाते, मग छतावर व बॉनेटवर पांढरे चट्टे उठतात, आणि शेवटीं उन्हानें सोललेल्या कातडीसारखे पापुद्रे निघूं लागतात.

दुसरा परीक्षक पाणी. अमरावतीला ऊर्ध्व वर्धा धरणाचें व अकोल्याला काटेपूर्णेचें पाणी नळानें मिळतें, तें गोडें. परंतु पूर्णेच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून पसरलेला खारपाण पट्टा आहे. तेथील विहिरींचें व बोअरचें पाणी खारट. अशा पाण्यानें पत्रा किंवा सरफेसर घांसला आणि शेवटीं गोड्या पाण्यानें धुतला नाहीं, तर क्षारांचे अदृश्य कण रंगाखालीं राहून जातात. पुट्टी तर सच्छिद्र असते. ती हें पाणी पिऊनच बसते. मिठाची बरणी पावसाळ्यांत कशी पाझरते, हें प्रत्येक घरांत ठाऊक आहे. तोच प्रकार रंगाच्या थराखालीं होतो. क्षार हवेंतील ओलावा थरांतून आंत ओढतात, खालीं पाणी सांचतें, आणि श्रावण-भाद्रपदांत गुळगुळीत दारावर देवीच्या फोडांसारखे बारीक फोड उठतात. मालक रंगाच्या कंपनीला दोष देतो. दोष असतो बादलींतल्या पाण्याचा.

तिसरी धूळ. काळ्या मातीची धूळ बारीक व हलकी असते, आणि बहुतेक स्वस्त कामें उघड्या शेडखालीं किंवा रस्त्याच्या कडेला होतात. ओल्या रंगावर बसलेला कण तेथेंच राहतो. कापसाच्या हंगामांत जिनिंगजवळच्या गॅरेजांत रुईचे तंतुहि त्यांत भर घालतात. जो रंग हळूहळू वाळतो तो अधिक धूळ धरतो. म्हणून रंगाची जात पाहणें अगत्याचें ठरतें.

सर्वसाधारणपणें तीन जातींचे रंग वापरांत आहेत. सिंथेटिक एनॅमल हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन वाळतो. तो स्वस्त आहे, पण त्याला तासन्‌तास लागतात. एन. सी. म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग थिनर उडून जातांच कांहीं मिनिटांत वाळतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं मोटारींना वार्निशाचे थर द्यावे लागत व ते वाळावयास अनेक दिवस, कधीं आठवडे जात. १९२३ च्या सुमारास अमेरिकेंतील ड्यूपाँ कंपनीनें 'ड्यूको' हा नायट्रोसेल्युलोजचा रंग आणला व ती अडचण दूर झाली. फर्निचरच्या कामांत तें नांव आजहि ऐकूं येतें. परंतु जो रंग केवळ थिनर उडून वाळतो, तो थिनर लागतांच पुन्हां विरघळतो. सांडलेल्या पेट्रोलनेंहि त्याची चकाकी जाते. तिसरी जात पी. यू. म्हणजे पॉलियुरेथेनची. हींत रंगांत हार्डनर मिसळतात. दोहोंची रासायनिक गांठ बसते व ती पुन्हां सुटत नाहीं. ऊन, पाऊस व पेट्रोल यांना हाच रंग सर्वांत अधिक दाद देत नाहीं. तेव्हां कारागिराला विचारावयाचें तें कंपनीचें नांव नव्हे, जात विचारावी. आणि शक्य तर हार्डनर आपल्यासमोर मिसळावयास सांगावा.

थोड्या पैशांत सबंध गाडी रंगवून देण्याचा धंदा कांहीं वऱ्हाडांतच जन्मला नाहीं. १९३७ मध्यें अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें अर्ल शाइब नांवाच्या गृहस्थानें असें दुकान काढलें. कोणतीहि मोटार, कोणताहि रंग, किंमत २९ डॉलर ९५ सेंट, ही त्याची जाहिरात देशभर प्रसिद्ध झाली व पुढें त्या दुकानांच्या शाखा गांवोगांव निघाल्या. २०१० मध्यें ती कंपनी बंद पडली. एवढीं वर्षें लोक तेथें गेले, कारण विकावयाची जुनी गाडी चार दिवस बरी दिसावी एवढीच पुष्कळांची गरज होती. त्या गरजेला तो भाव रास्तच होता. फसगत होते ती वेगळ्या ठिकाणीं : चार दिवसांच्या भावांत दहा वर्षांच्या टिकाऊपणाची अपेक्षा केली म्हणजे.

येथें आणखी एका किंमतीचा विचार केला पाहिजे, जी कोणत्याहि बिलांत लिहिलेली नसते. पी. यू. रंगाच्या हार्डनरमध्यें आयसोसायनेट नांवाचीं द्रव्यें असतात. त्यांचा फवारा श्वासांत गेल्यानें दमा जडतो. आणि एकदां शरीराला त्याची बाधा झाली कीं पुढें अल्प मात्राहि सोसत नाहीं. १९४८ च्या कारखाने कायद्यानें ज्या व्यवसायजन्य रोगांची यादी केली होती, तींत शिशाची विषबाधा होती आणि आयसोसायनेटची विषबाधाहि होती. साध्या बनावटीच्या स्प्रे-गननें मारलेल्या रंगापैकीं निम्म्याहून अधिक भाग पत्र्यावर न बसतां हवेंत जातो. ती हवा कोणाच्या छातींत जाते? नाकाला रुमाल बांधून काम करणाऱ्या कारागिराच्या, आणि त्याच्या हाताखालीं पाणकागद घांसणाऱ्या पोराच्या. रुमाल धूळ थोडी अडवितो. वाफ मुळींच अडवीत नाहीं. त्यासाठीं स्वच्छ हवा नळीनें पुरविणारा मुखवटा लागतो, आणि मुखवट्याचा खर्च भावांत धरावा लागतो. घासाघीस करून जे पैसे कमी केले जातात, त्यांत पुष्कळदां हा मुखवटाच जातो. ज्या घरांत मुलाला जरासा खोकला झाला तरी डॉक्टर येतो, त्या घरानें आपली गाडी कोणाच्या छातीवर उजळली याचा विचार करणें अस्थानीं होणार नाहीं.

मग ज्याच्याजवळ पैसे बेताचेच आहेत त्यानें काय करावें? याचें उत्तर एका वाक्यांत देतां येईल : पायऱ्या कमी करूं नयेत, क्षेत्र कमी करावें. सबंध गाडी अर्धवट रंगविण्यापेक्षां तिचे दोन पत्रे पूर्णपणें रंगवावेत. चकाकीच गेली असेल व क्लिअर कोट अजून शाबूत असेल, तर पॉलिशनेंच पुष्कळ काम भागतें. ओल्या बोटानें चट्टा चोळून पाहावा, तो ओला असतांना दिसेनासा झाला तर तेथें पॉलिशनें गुण येण्याची आशा असते. मात्र पापुद्रे सुटूं लागले असतील तर पॉलिश व्यर्थ. गंज दिसतो तेथें आधीं पैसा घालावा. फिका रंग केवळ डोळ्यांना खुपतो, गंज पत्रा खातो. एकच दार रंगविलें तर छटा जुळणार नाहीं, ही भीति खरी आहे, कारण गाडीवर लिहिलेल्या रंगाच्या क्रमांकाप्रमाणें बनविलेला रंग नवा असतो व शेजारचा पत्रा उन्हानें उतरलेला. परंतु कुशल कारागीर नवा रंग शेजारच्या पत्र्यावर विरळ करीत नेतो व दोहोंवर क्लिअर कोट देतो. मग जोड सहसा दिसत नाहीं.

हंगामहि विचारपूर्वक निवडावा. पावसाळ्यांत हवेंतील ओलावा एन. सी. रंगावर पांढरी झांक आणतो. भर उन्हाळ्यांत थिनर इतकें लवकर उडतें कीं रंग पसरण्यापूर्वींच वाळून संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो. दसऱ्यापूर्वींची घाई हा तर सर्वांत वाईट मुहूर्त, कारण तेव्हां कारागिराजवळ वाळण्यासाठीं थांबावयास वेळच नसतो. दिवाळी आटोपल्यावर, मार्गशीर्ष-पौषाच्या कोरड्या व सौम्य हवेंत, काम निवांत होतें आणि भावहि बोलून ठरवितां येतो.

काम देण्यापूर्वीं चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : कोणते पत्रे रंगवावयाचे, दिवे व मुठी काढावयाच्या कीं नाहीं, रंगाची जात कोणती, आणि दिवस किती. सामान व मजुरी वेगळी दाखविणारी पक्की पावती मागावी. पुट्टीचें काम चालूं असतांना एकदां जाऊन यावें. जें पुढें झांकलें जाणार तें त्याच दिवशीं दिसतें. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानें कापडांत गुंडाळलेलें लहानसें लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावें. पोलादी पत्र्यावर तें जेथें धरत नाहीं तेथें खालीं जाड पुट्टी, आणि बहुधा जुना अपघात आहे असें समजावें.

कायद्याचीहि एक गोष्ट आहे. रंग हा गाडीच्या नोंदणीपत्रांत लिहिलेला असतो. तोच रंग पुन्हां देण्यास कोणाची आडकाठी नाहीं. परंतु पांढरी गाडी तांबडी करावयाची असेल तर एम. एच. २७ च्या मालकानें अमरावतीच्या व एम. एच. ३० च्या मालकानें अकोल्याच्या परिवहन कार्यालयांत तो बदल नोंदवावा, विमा कंपनीलाहि कळवावें. लष्कराच्या गाड्यांचा ऑलिव्ह-हिरवा रंग तर खासगी गाडीला देतांच येत नाहीं. शिवाय खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनीं नव्यानें करून घ्यावी लागते. गाडी त्या वयाला आली असेल तर इंजिन व पत्रा यांची स्थिति पाहूनच रंगाला किती पैसे घालावयाचे तें ठरवावें.

पोळ्याच्या दिवशीं वऱ्हाडांतला शेतकरी आपल्या बैलांचीं शिंगें रंगवितो, त्यांना बेगड लावतो, पाठीवर झूल घालतो. त्या दिवशीं गांवांतला प्रत्येक बैल देखणा असतो. परंतु तोच शेतकरी बाजारांत बैल घ्यावयास गेला म्हणजे शिंगांच्या रंगाकडे पाहत नाहीं. तो बैलाचें तोंड उघडून दांत पाहतो, खांदा चांचपतो, चार पावलें चालवून पाहतो. मोटारीच्या मालकाला याहून निराळें शहाणपण नको आहे. रंगाच्या एका रुपयांतील बारा आणे ज्या झांकलेल्या कामासाठीं जातात, तें काम होत असतांना त्यानें एकदां जाऊन पाहावें, आणि त्या बारा आण्यांत घासाघीस करूं नये.